अनुस्वार टिकला तर स्क्रीन जमली

पुण्यातल्या आमच्या रविवारच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या, म्हणजे जाळीतून रंग ओढून छापण्याच्या कार्यशाळेत येणारा प्रत्येक जण आल्या आल्या रंगाच्या डब्याकडे वळतो. म्हणून मी डबे टेबलाखालीच ठेवते. पहिला अर्धा दिवस जाळीचा.

कापडी पिशवीवर छापायचं तर फ्रेमवर ताणलेली, सेंटीमीटरला ४३ धाग्यांची पॉलिएस्टर जाळी घ्या. कागदासाठीच्या १०० ते १२० धाग्यांच्या जाळीतून कापडावर पुरेसा रंगच उतरत नाही. साबणाने धुवून आपल्या जाळीचा तेलकटपणा घालवा, वाळवा. मग मंद पिवळ्या दिव्यात दोन्ही बाजूंनी इमल्शनचा (उजेड लागेल तिथे घट्ट होणारं, न लागेल तिथे पाण्याने सुटणारं द्रावण) पातळ थर ओढा आणि फ्रेम अंधारात आडवी सुकवा. इमल्शनमध्ये उजेड टिपणारं रसायन असतं; ते डायझोचं घ्या. बायक्रोमेट स्वस्त पडतं, पण ते विषारी आहे. माझ्याकडे चालत नाही.

आता मजकूर. आम्ही ‘कांदे-बटाटे’ छापतो, कारण त्यात अनुस्वार आहे. ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट काढा, उजेडासमोर धरा. काळं फिकट वाटलं तर दोन प्रिंट एकावर एक जुळवून चिकटवा. छापील बाजू जाळीच्या बाहेरच्या अंगाला टेकवा, म्हणजे फ्रेमच्या आतून अक्षरं सुलट वाचता येतील. वर काच.

उजेड किती वेळ द्यायचा? शेजाऱ्याची वेळ उसनी घेऊ नका. काळा पुठ्ठा दर तीस सेकंदांनी सरकवत आधी एक चाचणी पट्टी करा. उजेड कमी पडला तर धुताना इमल्शन अक्षरांच्या कडेने सुटतं. जास्त झाला तर ‘कां’वरचा ठिपका बुजतो आणि ‘टे’ची मात्रा बारीक होते. ठिपका पूर्ण उघडला आणि कडा शाबूत राहिल्या, ती वेळ तुमची. धुऊन सुकल्यावर उजेडासमोर धरून बारीक भोकं इमल्शनने बुजवा, कडांना टेप लावा.

छपाई त्यामानाने सरळ. मांजरपाटाची खळ आधी धुऊन काढलेली असावी. स्क्वीजी (रंग ओढायची रबरी पट्टी) साधारण ४५ अंशात, दाब सारखा, एका दमात. पाण्यात कालवलेला रंग उन्हाळ्यात जाळीतच सुकतो, तेव्हा चहा नंतर! काम संपताच जाळी धुवा.

रंग वाळल्यावर पिशवी उलटी करून गरम इस्त्री फिरवा, वाफ बंद ठेवून. एक पिशवी नीट धुऊन पाहा, मगच ऑर्डर घ्या.