ट्रॅकसाठी सस्पेन्शन निवडताय? चाकाची जागा खाणाऱ्या या चुका टाळा

खानदेशातल्या गाडीला ट्रॅक घराजवळ नाही. धुळ्याहून शिरपूर, सेंधवा करत पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी ट्रॅकला जायचं तरी दोनशेहून जास्त किलोमीटर. कोइमतूरचा कारी, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट तर त्याहून कितीतरी लांब. एमएच १८, १९ किंवा ३९ (धुळे, जळगाव, नंदुरबार) पासिंगची गाडी स्वतःच्या चाकांवर ट्रॅकला जाते तेव्हा ती दिवसभरात तिथे फार तर शंभर-दीडशे किलोमीटर पळते. जाण्यायेण्याचा रस्ता त्याच्या कितीतरी पट असतो. मग सस्पेन्शन निवडताना त्या रस्त्याचा हिशेब आधी धरायला हवा. तो धरला नाही की पैसे कितीही घातले तरी गोष्ट एकाच ठिकाणी येऊन अडते: चाकाला वर जायला जागाच उरत नाही.

आधी टायर, मग शॉकअप

साध्या टायरवर कडक सस्पेन्शन किट बसवलं तर टायर पकड घेण्याआधीच घसरायला लागतो. चांगले टायर, ट्रॅकला चालणारे ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल आधी. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड तपासूनच किटकडे वळा. फाटक्या बुशवर बसवलेलं महागडं किटही गाडी सरळ ठेवू शकत नाही.

‘एक मूठ खाली’ हे माप नव्हे

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. दिसायला छान म्हणून गाडी ४० मिमी खाली बसवली जाते. समजा, उभ्या गाडीत शॉकअपचा रॉड बंपस्टॉपला (शेवटचा धक्का अडवणाऱ्या रबराला) टेकायला ६० मिमी जागा होती. स्प्रिंगची बैठक फिरवून गाडी ४० मिमी उतरवली की उरले २०. आता वळणात बाहेरच्या पुढच्या चाकावर २०० किलो जादा भार आला आणि चाकाजवळचा स्प्रिंग रेट (एक मिमी दाबायला लागणारा जोर) ५४ न्यूटन/मिमी असला, तर चाक ३६ मिमी वर सरकायला हवं. अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) त्यातला थोडा भार घेतो, पण वळणात शिरताना ब्रेक दाबलेला असतो, त्याचा भार वेगळाच. २० मिमी कशालाच पुरत नाहीत. रॉड बंपस्टॉपला टेकतो, त्या कोपऱ्याचा कडकपणा क्षणात कितीतरी वाढतो आणि वळणाच्या मध्यात गाडीचं तोंड बाहेर पळतं. मालक टायरला दोष देतो, मग जाड अँटी-रोल बार आणतो. दुखणं मात्र जागेचं असतं.

हे तपासायला दहा रुपयांचा केबल टाय पुरतो. गाडी चाकांवर उभी असताना रॉडवर टाय घट्ट बसवा आणि सरकवत शॉकअपच्या तोंडावरच्या सीलला टेकवा. ट्रॅकवर एक सत्र पळून आल्यावर पाहा. सील आणि टाय यांच्यातलं अंतर म्हणजे वापरलेली जागा. टाय आणि बंपस्टॉप यांच्यातलं अंतर म्हणजे उरलेली. टाय बंपस्टॉपमध्ये चेपलेला दिसला तर गाडी वर घ्या किंवा स्प्रिंग कडक करा. उलट्या बसवलेल्या मोनोट्यूब (एकाच नळीच्या) स्ट्रटमध्ये रॉड आत झाकलेला असतो, तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे चाकाच्या कमानीतल्या घासल्याच्या खुणा वाचाव्या लागतात. घरून ट्रॅकपर्यंत चालवत न्यायच्या गाडीला उभ्या स्थितीत बंपस्टॉपआधी किमान ४० ते ५० मिमी मोकळे हवेत. बंपस्टॉप कापून किंवा काढून ही जागा मिळवू नका. धातूवर धातू आपटला की शॉकअप आतून फुटतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. गावात हाताने घातलेला त्याहून आखूड आणि उभा असतो. उंची ठरवताना इंजिनखालच्या गार्डपासून जमिनीपर्यंत टेप लावा; मडगार्डची कड पाहून उंची ठरवू नका.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) असेल तर आणखी एक अडचण आहे. गाडी जितकी खाली जाते त्यापेक्षा रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) जास्त खाली जातं, त्यामुळे खाली बसवूनही गाडी वळणात जास्त कलू पाहते. ओळख सोपी आहे: गाडी उभी असताना लोअर आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलेलं दिसलं, तर मर्यादा ओलांडली. तितकंच खाली ठेवायचं असेल तर रोल सेंटर सुधारणारे लांब बॉल जॉइंट घ्या. सोबत टाय रॉडचा कोनही बघावा लागतो, नाहीतर खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःच वळायला लागतं.

‘सहा किलोची स्प्रिंग’ म्हणजे नेमकी किती?

स्प्रिंगचा रेट तीन मापांत सांगतात आणि इथे गोंधळ ठरलेला. ‘सहा किलो’ म्हणजे ६ किलो प्रति मिमी. तेच सुमारे ५९ न्यूटन/मिमी आणि तेच सुमारे ३३६ पाउंड प्रति इंच. मागवताना आकड्यासोबत एकक लिहून घ्या. स्प्रिंगवर छापलेल्या लांबी, आतला व्यास आणि रेट या आकड्यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, तोही विचारा.

दुसरी चूक म्हणजे पुढेमागे सारखाच आकडा. कापूस, मका, केळीचे ट्रक तोलतात त्या वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं घ्या, मग पूर्ण गाडी. काटा ५-१० किलोंनी मोजत असला तरी या कामाला पुरतो. १,३०० किलोंच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकचं वजन पुढे ८०० आणि मागे ५०० निघालं असं समजू. चाक, डिस्क, हब यांचं वजन वजा केल्यावर स्प्रिंगवर पुढे दर कोपऱ्याला ३६० आणि मागे २१५ किलो उरतात.

दोन्हीकडे ६० न्यूटन/मिमीची स्प्रिंग घातली. स्ट्रटचं मोशन रेशो (चाक एक मिमी हललं की स्प्रिंग किती मिमी हलते) ०.९५ धरलं तर त्याचा वर्ग गुणून चाकाजवळ ५४ उरतात. मागच्या बीमवर स्प्रिंग चाकापासून आत बसते. तिथलं रेशो ०.७ असेल तर चाकाजवळ फक्त २९. आता चाकाजवळचा रेट न्यूटन प्रति मीटरमध्ये घ्या, कोपऱ्याच्या किलोंनी भागा, वर्गमूळ काढा आणि ६.२८ ने भागा. येतो तो आकडा म्हणजे गाडी तिथे सेकंदाला किती वेळा वरखाली डोलते ते: पुढे सुमारे १.९५ हर्ट्झ, मागे सुमारे १.८६. तीच स्प्रिंग, पण दोन टोकांना परिणाम वेगळा. रेशो मात्र गाडीगणिक बदलतं. चाक जॅकने २० मिमी वर ढकलून स्प्रिंग किती दबली ते मोजा.

कंपनीची साधी हॅचबॅक १.२ ते १.५ हर्ट्झच्या आसपास असते. रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक यासाठी १.७ ते २ पुरे. स्लिक (नक्षी नसलेले) टायर असलेली आणि ट्रेलरवरून येणारी गाडी २.३ च्या पुढे जाते. घरून चालवत जायची गाडी २ च्या पुढे नेऊ नका. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत ती टायरवरून उड्या मारते, आणि उडालेल्या टायरला पकड नसते.

कापलेली स्प्रिंग आणि जुना शॉकअप

स्प्रिंगचा वेढा कापून गाडी खाली बसवून देणारी गॅरेजं गावोगावी आहेत. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लटकलं की स्प्रिंग जागेवरून हलू शकते. हे कधीच करू नका. कंपनीच्या शॉकअपवर छोट्या कडक स्प्रिंगा घालणं त्यापेक्षा बरं, पण त्या शॉकअपचा रिबाउंड (परत ताणलं जातानाचा विरोध) मऊ स्प्रिंगसाठी बनवलेला असतो; उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा डोलते आणि शॉकअप लवकर जातो. ट्रॅकला जायचंच असेल तर स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनेच घ्या. बिलस्टीन बी१४ किंवा केडब्ल्यू व्हेरिएंट १ मध्ये उंची बदलता येते, डॅम्पिंग (शॉकअपचा विरोध) ठरलेलं असतं. पहिल्या किटसाठी हे चांगलं. बिलस्टीन बी१६ मध्ये एकच नॉब रिबाउंड आणि कम्प्रेशन (दबतानाचा विरोध) दोन्ही बदलतो. केडब्ल्यू व्हेरिएंट ३ मध्ये दोन्ही वेगळे. ज्याला क्लिकची (नॉबच्या टप्प्यांची) वही ठेवायची नाही त्याने दोन नॉबचं किट घेऊ नये.

क्लिक कडक केले म्हणजे गाडी पळत नाही

ट्रॅकला पोचल्यावर सगळे नॉब शेवटपर्यंत कडक करणं ही नेहमीची चूक. रिबाउंड फार कडक झाला की एका उंचवट्यानंतर चाक खाली परतण्याआधी दुसरा उंचवटा येतो. गाडी हळूहळू खाली बसत बंपस्टॉपवर जाते, आणि आपण परत जागेच्याच दुखण्याकडे येतो. मोजणी नेहमी पूर्ण बंद, म्हणजे पूर्ण कडक स्थितीपासून मागे करा. जोर लावून बंद करू नका. मधल्या क्लिकपासून सुरुवात करा. एका वेळी फक्त पुढे किंवा फक्त मागे, दोन-दोन क्लिक. त्याआधी टायरचा दाब बघा. तापमानाच्या दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय वाढतो; जळगावच्या मे महिन्यातल्या दुपारी भरलेला दाब हिवाळ्याच्या पहाटे तोच राहत नाही. ही क्लिकची चाचणी कन्नड घाटात किंवा लळिंगला करू नका. ते रहदारीचे रस्ते आहेत.

प्रीलोडबद्दलही, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून बसवण्याबद्दलही, गैरसमज आहे. एकसारख्या रेटच्या स्प्रिंगची बैठक फिरवून स्प्रिंग कडक होत नाही. गाडी वर येते आणि चाकाची खाली लटकण्याची जागा कमी होते, एवढंच.

बसवताना बिघडतं ते

गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि मेकॅनिक लोअर आर्मचे बोल्ट तिथेच पूर्ण आवळतो. रबरी बुश त्या लटकलेल्या कोनात पकडला जातो. गाडी जमिनीवर आल्यावर तो कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. उंचीही खोटी दिसते. बुशचे बोल्ट चाकांवर भार असतानाच, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. एकदाच वापरायचे बोल्ट असतील तर नवे घाला. स्ट्रटच्या वरच्या नटाला इम्पॅक्ट गन लावली की रॉड आत गरगर फिरतो आणि सील खराब होतं. ॲलन कीने रॉड धरा, आरपार सॉकेटने नट आवळा.

अलाइनमेंट ड्रायव्हरच्या वजनासह करा. सीटवर गव्हाचं ५० किलोंचं पोतं आणि वर २० किलोंची पिशवी ठेवा. पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे २ ते २.५ अंश, टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) शून्य. ट्रॅकसाठी टो-आउट करून तसंच महामार्गाने परत आलात तर टायरची आतली कड तारेपर्यंत जाते. हे काम कॅम्बरपेक्षा टो जास्त करतो.

काळी माती आणि आवाज

पावसाळ्यात तापीकाठची काळी माती कॉइलओव्हरच्या (उंची बदलता येणाऱ्या किटच्या) आट्यांत भरते आणि वाळून दगडासारखी होते. तशीच लॉक रिंग फिरवली की ॲल्युमिनियमची ती रिंग कापली जाते. आधी भिजवा, नायलॉन ब्रशने आटे साफ करा, मग पाना लावा. प्रेशरचं पाणी सीलवर मारू नका, धुळीची टोपी काढून टाकू नका. वरचा पिलोबॉल (धातूच्या गोळ्यावर फिरणारा) माउंट धुळीत लवकर वाजायला लागतो. रबरी माउंट इथे जास्त टिकतो.

हळू वेगात स्टिअरिंग फिरवताना ‘टंग’ आवाज आला तर स्प्रिंग बैठकीत अडकून सुटते आहे किंवा वरचं बेअरिंग गेलं आहे. छोट्या खड्ड्यांवर खडखड आली तर आधी लिंक रॉड, मग वरचा नट, शेवटी शॉकअप. रॉडवर तेलाचा पातळ थर चालतो. थेंब खाली ओघळत असेल तर सील गेलं. किट घेण्याआधीच विचारा, रीबिल्ड कुठे होतो आणि सील सुटं मिळतं का.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबाबत आहे. किट बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. शर्यत आणि वेगचाचणी सर्वसाधारण मोटार पॉलिसीतून वगळलेली असते, त्यामुळे ट्रॅकवरचं नुकसान आपल्याच खिशातून भरावं लागतं. नवं बसवलेलं किट १५०-२०० किलोमीटर चालवून सगळे बोल्ट आणि लॉक रिंगा पुन्हा टॉर्कने तपासा. धुळ्याहून निघालात तर ही तपासणी ट्रॅकवर गाडी उतरवायच्या आधी, आदल्या संध्याकाळी मुक्कामी करता येते.