गाडीवाल्यांनो, या चुका टाळा: रिकॉल, जॉबकार्ड आणि पाण्यात बंद पडलेली गाडी

कळव्याचे एक काका एसी थंड करत नाही म्हणून आमच्या वर्कशॉपमध्ये गाडी घेऊन आले होते. गाडी सात वर्षं जुनी, भांडुपच्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड घेतलेली. जॉबकार्ड, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीचा कागद, उघडताना मी चासी नंबर (गाडीचा ओळखक्रमांक) टाकला आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली: एअरबॅग फुगवणाऱ्या डबीचं, म्हणजे इन्फ्लेटरचं रिकॉल, काम बाकी. सदोष भाग बदलून घ्यायला बोलावणारं कंपनीचं पत्र तीन वर्षांपूर्वीच निघालं होतं. ते भांडुपला गेलं, मेसेजही जुन्या मालकाच्या मोबाइलवर गेला. काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांची आठवीतली नात रोज त्याच एअरबॅगसमोर बसून क्लासला जात होती.

काम त्याच दिवशी झालं. पैसे शून्य.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मी अकरा वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो. त्या काळात मला सारखं दिसलं ते हे, की सुरक्षिततेची माहिती कंपनीकडे असते, गाडीचं दुखणं मालकाला माहीत असतं, आणि दोघांची गाठच पडत नाही. खालच्या बहुतेक चुका त्याच जागी होतात.

रिकॉलची वाट बघत बसणं

रिकॉल म्हटलं की लोकांना वाटतं गाडी परत घेणार, किंवा आपली गाडी बाद ठरली. तसं नसतं. एखाद्या ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांच्या एखाद्या भागात दोष सापडतो आणि कंपनी तो भाग फुकट बदलून देते. वॉरंटी संपली असली तरी. आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने २०१२ साली स्वेच्छेच्या रिकॉलची पद्धत सुरू केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि सदोष गाड्या परत बोलवायचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला.

एअरबॅगचं उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण ते आपल्या हवेशी जोडलेलं आहे. टकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा लागला की ते बिघडतं, आणि एअरबॅग उघडताना धातूची डबीच फुटून तिचे तुकडे माणसाला लागतात. जगभरात कोट्यवधी गाड्या त्यासाठी परत बोलवाव्या लागल्या, कंपनी २०१७ साली दिवाळखोरीत गेली. खाडीकाठच्या आपल्या ठाण्यात, ऐरोलीत, वाशीत बाराही महिने अंग चिकट होतं. इथे उन्हात उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीचं रिकॉल राहून जाणं मला कधीच किरकोळ वाटलं नाही.

करायचं काय? कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल तपासायची जागा असते. तिथे चासी नंबर टाकायचा. इथे एक बारीक चूक फार जण करतात. चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून ती वगळलेली आहेत. लोक आरसीवर बघून शून्याच्या जागी ओ टाकतात, समोर ‘नोंद सापडली नाही’ येतं, आणि आपली गाडी यात नाही असं समजून खिडकी बंद करतात. गोल दिसलं की शून्य, उभी काठी दिसली की एक. तेवढं लक्षात ठेवून पुन्हा टाकून बघा.

दुसरं, कंपनीच्या नोंदीत आपला नंबर घाला. आरटीओत आरसी नावावर झाली म्हणजे कंपनीलाही कळलं असं होत नाही. त्या दोन वेगळ्या वह्या आहेत. सेकंडहँड गाडी घेतली, घर बदललं, सिम बदललं, की कस्टमर केअरला फोन करून चासी नंबर सांगा आणि नाव, पत्ता, मोबाइल बदलून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. बाहेरच्या गॅरेजला सर्व्हिसिंग करणाऱ्यांनी तर हे आवर्जून करावं, कारण त्यांची गाडी आमच्या स्क्रीनसमोर कधी येतच नाही. आणि आरटीओचं कामही उरकून टाका. गाडी विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायचा असतो.

लक्षण सोडून औषध सांगणं

घोडबंदर रोडवरच्या एका ताईंनी येऊन सांगितलं, “ब्रेक पॅड बदला, आवाज येतो.” पॅड झिजलेच होते, आम्ही बदलले. आठ दिवसांनी त्या परत आल्या, आवाज तसाच. मग मी विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं: कुठे येतो आवाज? म्हणाल्या, “गायमुखचा घाट उतरताना. उजवीकडे वळलं की घरघर वाढते, डावीकडे वळलं की कमी होते.” ब्रेकला पाय लावलेला असो वा नसो. मग उलगडा झाला. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. पहिल्या दिवशी हेच वाक्य जॉबकार्डवर असतं तर त्यांची आठ दिवसांची भीती वाचली असती.

म्हणून वर्कशॉपमध्ये ‘हे बदला’ म्हणू नका, काय होतं ते सांगा. इंजिन थंड असताना की तापल्यावर? किती वेगाला, कितव्या गिअरला? एसी चालू असताना की बंद? सरळ रस्त्यावर, वळणावर, की स्पीडब्रेकरवर? रोज, की पावसातच? आवाज येताना शेजारी बसलेल्याला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा. डॅशबोर्डवर दिवा लागला तर लगेच फोटो काढा, कारण वर्कशॉपच्या दारात पोचेपर्यंत तो विझतो आणि मग सगळेच एकमेकांकडे बघत बसतात. आवाज पकडता येत नसेल तर टेक्निशियनला शेजारी बसवून स्वतः एक चक्कर मारा. तुमच्या गाडीचा कान तुम्हालाच असतो.

आणि तुमचं वाक्य जॉबकार्डवर तुमच्याच शब्दांत लिहिलंय का ते सही करण्याआधी वाचा. ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलं असेल तर कोणी काही शोधणार नाही. किलोमीटर, इंधनाची पातळी, आधीचे ओरखडे आणि अंदाजी खर्च त्यावर आहे ना, बघा. बदललेले जुने भाग हवे असतील तर तेही गाडी देतानाच लिहून घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक वॉरंटीतल्या गाडीवाल्यांची. “काही नाही साहेब, हे नॉर्मल आहे,” असं कोणी सांगितलं की ते बरं म्हणून निघून येतात. कागदावर काहीच राहत नाही. वॉरंटी संपल्यावर तेच दुखणं वाढलं की ‘तुम्ही आधी कधी तक्रार केलीच नव्हती’ हे उत्तर मिळतं. तेव्हा हट्टाने सांगा: तपासलं, दोष सापडला नाही, असं तरी बिलावर लिहा. त्या एका ओळीवर मी नंतर लोकांचे गिअरबॉक्स फुकट बदलून गेलेले बघितले आहेत.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करणं

जुलै उजाडला की आमच्या आवारात टोइंगच्या गाड्यांची रांग लागायची. वंदना टॉकीजजवळून, तुर्भ्याहून, बेलापूरहून. प्रत्येक मालकाला मी एकच प्रश्न विचारायचो: “बंद पडल्यावर सेल मारला का?” नाही म्हणाले की माझा जीव भांड्यात पडायचा.

इंजिन सिलिंडरमध्ये हवा दाबतं. हवा दबते, पाणी दबत नाही. सायलेन्सर बुडाल्यामुळे नव्हे, तर बहुतेकदा एअर फिल्टरच्या वाटेने पाणी आत गेल्यामुळे घात होतो. पाणी भरलेल्या सिलिंडरवर सेल मारला की पिस्टनला वर जायला जागा नसते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एक किल्ली फिरवली की साफसफाईवर भागणारं काम अख्खं इंजिन उघडण्यावर जातं. वर विम्याचा प्रश्न. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाणी शिरल्यावर चालू करायला जाऊन बिघडलेल्या इंजिनाचा दावा सहसा नाकारला जातो. इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर घेतलंय का, हे पॉलिसी काढून आजच बघा.

गाडी पाण्यात बंद पडली तर आधी माणसं बाहेर काढा. काचा उतरत असतील तर लगेच उतरवा, दार उघडलं नाही तर तीच वाट. पाणी कुठवर चढलंय त्याचे फोटो काढा, विमा कंपनीला तिथूनच कळवा. गाडी न्यूट्रलमध्ये ढकला. ऑटोमॅटिक गाडी दोर बांधून ओढू नका, चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड मागवा, नाहीतर गिअरबॉक्स जातो. गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर जास्त दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी वायरींना हात लावू नका आणि शेजारच्या गॅरेजवाल्यालाही लावू देऊ नका. थेट कंपनीला फोन करा. पाणी ओसरल्यावर ‘एकदा बघूया का चालू होते’ हा मोह सर्वांत मोठा असतो. तेवढा आवरा.

कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधणं

घाईत आपण सर्चमध्ये कंपनीचं नाव टाकतो आणि वर येईल तो पहिला नंबर फिरवतो. तो भामट्याचा असू शकतो. तो गोड बोलतो, तक्रार नोंदवायला दहा रुपये भरा म्हणतो, लिंक पाठवतो किंवा स्क्रीन दिसेल असं अ‍ॅप टाकायला सांगतो. खरं कस्टमर केअर हे मागत नाही. नंबर घ्यायचा तो गाडीसोबत मिळालेल्या मॅन्युअलमधून, सर्व्हिस बुकलेटमधून किंवा विम्याच्या पॉलिसीवरून. आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा, एक कागद ग्लोव्हबॉक्समध्येही ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुमचं चलन आलंय’ म्हणून एपीके (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल आली तर उघडू नका. चलन सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं, त्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. नव्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटच्या (एचएसआरपी) नावानेही फसवणूक झाली आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात या प्लेटचा ठरलेला दर जीएसटी सोडून दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीला ७४५ रुपये आहे. कोणी याच्या दुप्पट मागत असेल तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

हायवेवर गाडीमागे उभं राहणं

सायन-पनवेल महामार्गावर नाहीतर माजिवड्याच्या पुलावर गाडी बंद पडली की चारजण उतरून गाडीमागेच डिकी उघडून उभे राहतात. रात्री हे जिवावर बेततं, आणि हे मी कळकळीने लिहितोय. हॅझर्ड लाइट लावा, गाडी जमेल तितकी डावीकडे घ्या, सगळ्यांना डाव्या दारांनी उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. इशाऱ्याचा लाल चमकणारा त्रिकोण साधारण ५० मीटर मागे ठेवा. उजव्या बाजूचं पंक्चर वाहत्या रस्त्यावर स्वतः काढू नका. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, मुंबई-नाशिकसारख्या राष्ट्रीय महामार्गावर १०३३. आणि निघताना मागे लावलेला दगड किंवा फांदी तिथेच टाकून जाऊ नका. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला अंधारात ती दिसत नाही.

काही गोष्टी थोडक्यात. पावसाळ्यात मूळ मॅटवर दुसरं रबरी मॅट टाकू नका. ते सरकून अ‍ॅक्सिलरेटरखाली अडकतं. अशाच मॅटच्या कारणाने २००९ साली टोयोटाला अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. टायरवर कोरलेला हवेचा आकडा कमाल मर्यादेचा असतो; भरायची हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असते, आणि ती टायर थंड असताना तपासायची. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे दिसतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सेकंडहँड गाडी घेताना ते वाचा. सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी करायची असते, तारीख टाकीवरच्या प्लेटवर बघा. लाल दिवा, विशेषतः ऑइलचा, लागला की पुढच्या सिग्नलपर्यंतही जाऊ नका, इंजिन बंद करा. आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापली तर रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. भाजलेले हात मी पाहिले आहेत.

तोंडी भांडून थकून जाणं

काउंटरवर आवाज चढवून कोणाचंच काम पुढे सरकलेलं मी पाहिलं नाही. ईमेलने सरकतं. गाडीचा नंबर, चासी नंबर, जॉबकार्डांच्या तारखा आणि तुम्हाला नेमकं काय हवं ते लिहा: दुरुस्ती, पैसे की बदली भाग. आधी वर्कशॉपच्या मॅनेजरला, मग कंपनीच्या कस्टमर केअरला, प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. खरेदीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तिथे जाता येतं, ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं असतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे गाडी दादरला घेतली असली तरी ठाणेकराला मुंबईला खेटे घालायची गरज नाही.

तिथे तुमच्या बाजूने बोलतात ती जॉबकार्डं आणि बिलं. ती थर्मल (शाईऐवजी उष्णतेने छापायच्या) कागदावर छापलेली असतील तर घरी आल्याबरोबर फोटो काढून ठेवा. ग्लोव्हबॉक्समध्ये एक उन्हाळा काढला की तो कागद कोरा होतो.