उपग्रहातून झाडांतलं पाणी मोजताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त डोकं पिकवणारी चूक आधी सांगतो. एनडीडब्ल्यूआय (उपग्रहाने टिपलेल्या प्रकाशाच्या दोन पट्ट्यांवरून काढलेला पाण्याचा आकडा) या एकाच नावाचे दोन निर्देशांक आहेत आणि दोन्ही १९९६ सालचे. मॅकफीटर्स या संशोधकाचा निर्देशांक हिरवा आणि एनआयआर (जवळचा अवरक्त) पट्टा घेतो; तो नदी, तळी, खाणींचे खंदक शोधण्यासाठी. गाओ या संशोधकाचा एनआयआर आणि एसडब्ल्यूआयआर (लघुतरंग अवरक्त) घेतो. पानातलं पाणी एसडब्ल्यूआयआर शोषतं, म्हणून झाडांना हाच लागतो. नेटवर नाव टाकलं की दोन्हींचे कोड एकाच पानावर मिळतात, आणि घाई असलेला पहिला दिसेल तो उचलतो.

एका प्रकल्पातला मुलगा मार्च महिन्याचा नकाशा घेऊन आला. गोव्यातल्या सावईवेरेची कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) लालभडक, म्हणजे म्हणे पाण्याचा ताण. शेजारचा उघडा सडा (जांभ्या दगडाचं पठार) मात्र त्यांच्यापेक्षा 'ओला'. मी म्हटलं, "बाबा, त्या कुळागरांत भर उन्हाळ्यात पाटाचं पाणी खेळतं. सड्यावर तेव्हा जांभा तापून पाय ठेववत नाही." तर उत्तर, "सर, कोड बरोबर आहे, एरर येत नाही." कोड बरोबरच होता, फक्त मॅकफीटर्सचा होता. त्यात झाडी जितकी दाट, आकडा तितका उणे. अहवालात 'सिंचनाची तातडीची गरज' हा परिच्छेदसुद्धा लिहून तयार!

माझी सवय अशी: नकाशा उघडला की आधी मांडवी नदीचं पात्र, एक कुळागर आणि एक सडा, या तिन्हींवर क्लिक करून आकडे बघायचे. मार्चमध्ये कुळागर सड्याच्या वर नसेल तर पुढे जायचंच नाही. सेंटिनेल-२ या उपग्रहाला गाओचा १.२४ मायक्रोमीटरचा पट्टा नाही. तिथे बी८ए (एनआयआर) आणि बी११ (एसडब्ल्यूआयआर) हे पट्टे घ्या. त्या निर्देशांकाला एनडीएमआय (ओलाव्याचा निर्देशांक) म्हणतात, आणि मी लिहितानाही तेच नाव वापरतो.

लँडसॅट ५ या उपग्रहाचा कोड लँडसॅट ८ वर तसाच चालवू नका. पाचवर एनआयआर चौथा पट्टा, आठवर पाचवा.

दुसरी लाडकी चूक खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली. दिवाडी-चोडण बेटांकडे किंवा वायंगणाच्या (उन्हाळी भाताच्या) लावणीच्या दिवसांत कुठेही पाहा, निर्देशांक एकदम वर जातो आणि लोक लिहितात, 'पिकात भरपूर पाणी'. अहो, पिकात कुठे? रोप वीतभर, पाणी बांधात! उघडं पाणी एसडब्ल्यूआयआर जवळजवळ सगळा गिळतं, आणि पिक्सेल २० मीटरचा. मानशीतून (बांधातल्या झडपेतून) भरतीचं पाणी आत घेतलं असलं तरी हाच गोंधळ. अशा वेळी एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) शेजारी ठेवून तपासा. एनडीएमआयमध्ये ०.०५ मिळवूनही तो एनडीव्हीआयएवढा होत नसेल तर सहसा पान बोलतंय. होत असेल तर खाली पाणी साचलंय असं समजा आणि ते शेत त्या तारखेपुरतं गाळा. हा आकडा भातशेतीच्या अभ्यासांतून आलेला आहे, काजूच्या बागेवर लादू नका.

पावसाळ्यातली महिन्याची सरासरी काढून 'जुलैत घट' असं लिहिणारे वेगळेच. ती घट ढगांची. एससीएलमधले (सेंटिनेल-२ सोबत येणाऱ्या वर्गीकरणाच्या थरातले) ३, ८, ९, १० हे ढग आणि ढगांच्या सावलीचे वर्ग काढले की जुलैत बरेचदा हातात काही उरत नाही, आणि ते मान्य करावं. रिकाम्या जागा रेषेने जोडून आलेख गुळगुळीत करणाऱ्यांचा मला राग येतो.

२५ जानेवारी २०२२ पासूनच्या सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० ची भर आहे. आधीच्या वर्षांशी तुलना करताना ती वजा करा, नाहीतर एका रात्रीत सगळा सत्तरी तालुका सुकलेला दिसेल. ही भर आधीच काढून समान केलेला संग्रह घेतलात तर पुन्हा वजा करू नका, तेही पाहिलंय.

फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटातली पानझड झाडं उघडी होतात. तिथे आकडा पडला तर तो पानांच्या संख्येचा, ताणाचा नव्हे.

शेवटी, ०.३ म्हणजे किती किलो पाणी? निर्देशांक ते सांगत नाही. ठरलेल्या चौकटीतली पानं तोडून तिथेच पिशवीत बंद करून वजन करा, मग ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवलेली पानं आणू नका, ती मी परत पाठवतो.