टोमॅटो बाटलीत भरताना ही चूक करू नका
नाशिकजवळच्या पिंपळगावचे टोमॅटो स्वस्त झाले की आपल्याकडे दर दुसऱ्या घरात प्युरी होते, आणि मग पंधरा दिवसांत झाकण फुगतं, मीही तेच करत होते. मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका ताईंच्या क्लासला गेले तेव्हा कळलं की नुसतं मीठ घालून, उकळून भागत नाही. टोमॅटोचा आंबटपणा कधीकधी कमी पडतो, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका जास्त तितका आंबटपणा कमी) 4.6 च्या वर गेला तर हवाबंद बाटलीत बोटुलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढू शकतात आणि त्याचा वास-बीस काही येत नाही. म्हणून अर्ध्या लिटरच्या बाटलीत आधी पाव चमचा (चहाचा) सायट्रिक ॲसिड, किराणावाला लिंबूसत्त्व म्हणून देतो तेच, टाकायचं. ताजं लिंबू नको, प्रत्येकाचा आंबटपणा वेगळा. मग गरम प्युरी भरायची, वर अर्धा इंच जागा सोडून.

आता खरी गंमत, नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे ना, त्यामुळे पाणी 100 डिग्रीच्या थोडं आधीच उकळतं. भरून झाकण लावलेल्या बाटल्या मुंबईत 35 मिनिटं उकळायच्या तर इथे 40, पाण्यात पूर्ण बुडवून, आणि वेळ पाणी खळाखळा उकळायला लागल्यावर मोजायची. झाकणं नवीनच घ्या, जुनी लोणच्याची नको प्लीज.

परसातली गवार, मटार वगैरे मात्र असं भरू नका हं, त्यात आंबटपणाच नाही, ते सरळ फ्रीजरमध्ये टाका.