पहिलेच लिनक्स निवडताना

लिनक्ससारखी युनिक्ससदृश प्रणाली (म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारे, युनिक्स या जुन्या प्रणालीच्या धर्तीवरचे सॉफ्टवेअर) निवडताना नवशिके बहुधा नावांच्या यादीपासून सुरुवात करतात. सुरुवात आपल्या कामापासून केलेली बरी. संगणकावर रोज काय काय चालते, ते आधी कागदावर लिहून काढावे. ब्राउझर, पत्रव्यवहार आणि तक्ते एवढ्यावर भागत असेल तर अडचण नाही. पण टॅली किंवा फोटोशॉप यांवर पोट अवलंबून असेल तर विंडोज काढून टाकू नये, कारण या दोहोंची लिनक्ससाठी आवृत्तीच नाही.

मग यंत्र पाहावे. लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास काम सुसह्य होते. जुन्या लॅपटॉपवर तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी.

आता नावे. फ्रीबीएसडी ही लिनक्स नसलेली युनिक्ससदृश प्रणाली उत्तम आहे, पण तिचा ओढा सर्व्हरकडे आहे आणि लॅपटॉपच्या वायफायबाबत ती लिनक्सइतकी सोयीची नाही, त्यामुळे ती पुढच्या टप्प्यासाठी ठेवावी. फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि तिला सुमारे १३ महिनेच सुधारणा मिळतात, म्हणजे वर्षाकाठी एकदा तरी प्रणालीची आवृत्ती बदलणे आले. उबुंटू या दुसऱ्या प्रकाराची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते व पाच वर्षे सांभाळली जाते. मिंटची मुख्य आवृत्ती याच पायावर उभी असून तिचा मेनू विंडोजच्या सवयीला धरून असतो. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी मिंटच घ्यावी.

मात्र खरा निर्णय पेनड्राइव्हवर होतो. अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली सामावलेली एकच फाइल) उतरवून ती रुफस किंवा बलेना एचर या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या साधनाने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी (त्यावरील आधीचे सारे पुसले जाते) आणि संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी आपल्या यंत्राची कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. डिस्कला हात न लावता प्रणाली चालू होते. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागे होते का, हे सारे तपासावे. वायफाय दिसत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट घ्यावे आणि ड्रायव्हर मॅनेजर (यंत्राचे भाग चालवणारे सॉफ्टवेअर बसवणारे मिंटमधील साधन) उघडावा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून ‘दुसऱ्या’ हा शब्द लिहून पाहावा: इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीत शिफ्टसह इंग्रजी J ची कळ दाबल्यावर ऱ मिळतो, आणि त्याला य जोडल्यावर रफार न येता आडवा अर्धा र दिसला पाहिजे.

सगळे जमले तरच इन्स्टॉलचे चिन्ह दाबावे. त्याआधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि विंडोज शेजारी ठेवायचे असल्यास बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी.