अर्थ पाठ, पण वापरता येत नाही? इंग्रजी शब्दसंग्रह असा वाढवा

‘रिलक्टंट’पुढे वहीत ‘नाखूश’ असं लिहिलं की घोटाळा तिथूनच सुरू होतो. मराठीत निकालावरही नाखूश होता येतं, मग ‘ही वॉज रिलक्टंट विथ द रिझल्ट’ असं चुकीचं वाक्य तयार होतं. रिलक्टंट माणूस एखादी गोष्ट करायला कां-कूं करत असतो. म्हणून या शब्दापुढे बहुतेकदा ‘टू’ आणि क्रियापद येतं: ‘शी वॉज रिलक्टंट टू साइन’. ही सोबत ठाऊक नसेल, तर अर्थ पाठ असूनही ऐन वेळी शब्द हाताशी येत नाही.

त्यामुळे उजळणीसाठी केलेल्या कार्डावर सुटा शब्द लिहू नका. पुढच्या बाजूला गाळलेली जागा ठेवून पूर्ण वाक्य लिहा: ‘शी वॉज डॅश टू साइन’. जागेत शब्दाचं पहिलं अक्षर द्या, नाहीतर ‘हॅपी’ही बसेल. मागे शब्द, आघात कुठे पडतो त्याची खूण आणि सोबतीचा आणखी एक नमुना. मराठी अर्थ हवा असेल तर शेवटी, बारीक अक्षरात. वाक्य स्वतः रचू नका. वाचलेल्या मजकुरातून किंवा इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरीतून घ्या.

शब्द मिळवायचे वाचनातून. मजकूर झेपेल का, हे २०० शब्दांचा उतारा घेऊन तपासा. चारेक शब्द अडले तर ठीक. दहा-बारा अडले तर संदर्भावरून अंदाज बांधता येत नाही आणि सगळा वेळ शब्दकोशातच जातो. अडलेला प्रत्येक शब्द टिपायचीही गरज नाही. दुसऱ्यांदा भेटला किंवा तुमच्या विषयात लागणारा असला, तरच कार्ड करा. तयार यादी घ्यायचीच असेल तर भाषाअभ्यासक एव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ घ्या. त्यात ५७० शब्दकुलं (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं) आहेत आणि अभ्यासाच्या, अहवालाच्या भाषेत ती सतत लागतात.

रोज पाच नवे शब्द पुरेत. उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, सोळाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी. रोज वीस घेतले तर महिनाभरात दररोज शंभर कार्डं समोर येतात, आणि बहुतेकांचा नेम इथेच मोडतो. पाच घेतले तर पंचवीसच.

लॅटिन धातूंचा आधार जरूर घ्या. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणं, हे कळलं की इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर, रेट्रोस्पेक्ट एका माळेत बसतात. पण त्यावरून अर्थ ठरवून मोकळे होऊ नका. ‘इनव्हॅल्युएबल’मधलं ‘इन’ नकारार्थी आहे, तरी अर्थ कवडीमोल असा होत नाही. आपल्या ‘अमूल्य’सारखंच आहे ते.

नव्या शब्दाची दोन वाक्यं त्याच आठवड्यात स्वतःच्या कामाच्या लिखाणात आली पाहिजेत. मात्र ‘यूज’ चालत असताना ‘युटिलाइज’ घुसवू नका. अवघड शब्द तिथेच शोभतो, जिथे तो सोप्या शब्दापेक्षा नेमकं काही सांगतो: ‘फेमस’ आणि ‘नोटोरियस’ दोघांनाही लोक ओळखतात, पण दुसरा कुप्रसिद्ध असतो.

एखादं कार्ड चार वेळा चुकलं तर ते आणखी घोकू नका. बहुधा वाक्यच पुसट असतं. ते फाडा आणि डोळ्यांसमोर चित्र उभं राहील असं दुसरं वाक्य शोधून नवं कार्ड करा.