इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म घेण्याआधी माहितीचा मालक ठरवा

इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म म्हणजे कंपनीतली वेगवेगळी सॉफ्टवेअर मध्ये बसून जोडणारी यंत्रणा. ती विकणाऱ्या व्हेंडरला डेमोसाठी बोलवायच्या आधी एक दिवस अकाउंट्सच्या टेबलाशी बसा आणि एक दिवस गोडाऊनमध्ये काढा. आमचं ऑफिस अंधेरीत, माल भिवंडीत. ऑर्डर सीआरएममध्ये (ग्राहक आणि विक्रीचं सॉफ्टवेअर) यायची, बिल ईआरपीत (कंपनीच्या कारभाराचं मुख्य सॉफ्टवेअर) व्हायचं, साठा तिसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असायचा. या तिघांना जोडायला रोज संध्याकाळी एक मुलगा एक्सेलची फाइल इकडून उतरवून तिकडे चढवायचा. बंद झालेल्या ग्राहकांच्या ओळी तो स्वतःहून काढायचा, पेट्यांचे नग डोक्यात करायचा. यातलं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं. अशा माणसाच्या शेजारी बसून सगळं लिहून घ्या, नाहीतर प्लॅटफॉर्म फाइल बिनचूक पोचवेल आणि साठा चुकत राहील.

मग कागदावर सगळ्या सिस्टिम मांडा आणि कोण कोणाशी बोलतं त्याच्या रेघा ओढा. आठ सिस्टिम थेट एकमेकींना जोडायच्या तर 28 जोडण्या होतात. मध्ये सामायिक प्लॅटफॉर्म आला की आठ. व्हेंडर हे गणित दाखवेल आणि ते खरं आहे. पण त्या जोडणीतून जाणारा ‘ग्राहक’ कोणाचा, हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

सगळ्यात जड काम तेच. माहितीच्या प्रत्येक प्रकाराला एकच मालक हवा. ग्राहकाचा पत्ता आणि जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) कोणाकडे बदलणार, दर कोणाकडे, साठा कोणाकडे? बाकीच्या सिस्टिमनी तिथूनच मागून घ्यायचं. यावरून सेल्स आणि अकाउंट्समध्ये वाद होतो, होऊ द्या. शेवटी विभागप्रमुखाचं नाव लिहून सही घ्या. ही मालकी आयटीकडे देऊ नका; दर का बदलला ते आयटीला कसं सांगता येणार?

मालक ठरला की साफसफाई. एकच दुकान ‘अंधेरी पूर्व’, ‘अंधेरी ईस्ट’ आणि ‘अंधेरी (ई)’ असं तीनदा सापडेल. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं युनिकोडमध्ये आणावी लागतात, नाहीतर दुसऱ्या सिस्टिममध्ये अगम्य अक्षरं उमटतात. रकान्यांची लांबीही मोजा. यूटीएफ-8मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासकट, 3 बाइट घेतं. ‘अंधेरी पूर्व’ला 34 बाइट लागतात, म्हणजे 30 बाइटच्या रकान्यात ते मावतच नाही. हे आधी तपासलंत तर पुढचे कितीतरी फोन वाचतील.

सर्व्हिसला, म्हणजे एका सिस्टिमने दुसरीला करून द्यायच्या कामाला, धंद्यातल्या कामाचं नाव द्या: ‘साठा विचारा’, ‘ऑर्डर स्वीकारा’, ‘बिल बनवा’. डेटाबेसचं टेबल जसंच्या तसं उघडं केलंत तर ईआरपीच्या पुढच्या अपग्रेडला सगळे एकदम कोलमडतात. कुठे उत्तर तत्काळ हवं आणि कुठे एका सिस्टिमचा दुसरीला निरोप रांगेत थांबला तरी चालेल, हेही आताच ठरवा. साठा विचारणारा सेल्समन दुकानात उभा असतो. लेजरची नोंद पाच मिनिटांनी झाली तरी कोणाचं अडत नाही.

एकच निरोप दोनदा आला तर काय, हा प्रश्न मी प्रत्येक बैठकीत विचारतो. आमच्याकडे एकदा नेटवर्क तुटलं, उत्तर आलं नाही म्हणून सिस्टिमने ऑर्डर पुन्हा पाठवली आणि भिवंडीहून तोच माल दोन टेंपोंतून निघाला. म्हणून प्रत्येक ऑर्डरला वेगळी खूण हवी आणि घेणाऱ्याने ती आधी बघायला हवी. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यवसाय ते व्यवसाय विक्रीसाठी ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिलाची नोंद, सक्तीचं आहे. तिथलं पोर्टल त्याच बिलाची दुसऱ्यांदा नोंद घेत नाही, तो नकार तुमच्या सर्व्हिसला ओळखता यायला हवा. बिल क्रमांक 16 अक्षरांच्या आत ठेवा. शाखेचा कोड, वर्ष आणि अनुक्रम जोडताना ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पोर्टलवरून बिल रद्द करायला फक्त 24 तास मिळतात, तेव्हा रद्द करण्याची सर्व्हिसही पहिल्याच टप्प्यात घ्या.

प्लॅटफॉर्म कोणता घ्यायचा, ती निवड त्यानंतर. अपाचे कॅमल, डब्ल्यूएसओ2, म्यूलसॉफ्ट, कोणतंही असो, तुमच्या माणसांना रात्री दुरुस्त करता येईल तेच घ्या. सॅप कंपनीचं प्रोसेस ऑर्केस्ट्रेशन 7.5 हे जोडणीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचा मुख्य सपोर्ट 2027 अखेरीस संपतो, हे खर्चाच्या अंदाजात धरा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022च्या निर्देशांप्रमाणे लॉग (सिस्टिममधल्या घडामोडींच्या नोंदी) 180 दिवस ठेवायचे आहेत, तेवढी जागाही धरा.

प्लॅटफॉर्म सुरू करायची तारीख ठरवताना मार्च सोडा, दिवाळीआधीचा महिना सोडा आणि जीएसटी रिटर्नच्या 11 आणि 20 तारखांच्या आसपासचे दिवस सोडा. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली होती ते आठवून बघा: सर्व्हर मध्येच बंद पडला तर रांगेतले निरोप डिस्कवर राहतात का? चाचणीत एकदा खरोखर प्लग काढून पाहा.

सुरुवात एकाच प्रवाहाने करा, आम्ही ऑर्डर ते गोडाऊन घेतला. जुनी एक्सेल महिनाभर सोबत चालू ठेवा आणि रोज दोन्हीकडचे आकडे जुळवा. अडकलेले निरोप रोज सकाळी कोण बघणार त्याचं नाव सुरू होण्याच्या आधी भिंतीवर लावा. आमच्याकडे ते काम त्या एक्सेलवाल्या मुलाला दिलं. कुठली ओळ का अडली असेल हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं.